दिसेल तेवढ्यात थांबेल, तोच आपला वेग

नंदुरबार जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याला एका दिवसात तीन-चार तऱ्हेचे रस्ते भेटतात. विसरवाडी-नवापूरकडे चौपदरी महामार्ग आहे. तापीकाठच्या सपाटीवर प्रकाशा, शहादा, तळोदा या भागात लांबच लांब सरळ, पण दुभाजक नसलेले रस्ते आहेत. पुढे सातपुडा लागला की चांदसैली, देवगोई आणि तोरणमाळचे घाट. गाडी तीच आणि चालवणाराही तोच, पण सपाटीवर रास्त वाटणारा वेग घाटातल्या पहिल्याच वळणाला जिवावर बेततो.

अतिवेगाचा प्रश्न किती मोठा आहे, हे सरकारी नोंदींतूनच दिसते. केंद्र सरकारच्या रस्ते अपघात अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मरण पावली. त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण आहे. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जणांचा जीव गेला. यांतली बरीच माणसे रोजच्या, ओळखीच्या रस्त्यावर निघालेली असणार. म्हणून घरातून निघण्यापासून घाट उतरेपर्यंत वेग कसा ठरवायचा, ते टप्प्याटप्प्याने पाहू. त्यासाठी गाडीच्या यंत्राची माहिती असायला हवी असे नाही.

पहिला टप्पा : गाडी थांबते कशी

ब्रेक दाबला की गाडी थांबते, असे आपण म्हणतो. खरे तर थांबण्याचे दोन भाग असतात. समोर काहीतरी आले हे डोळ्यांना दिसते, मेंदूला कळते आणि पाय ब्रेकवर जातो. यात सावध माणसाचाही साधारण दीड सेकंद जातो. तेवढा वेळ गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर हा दुसरा भाग.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार त्या दीड सेकंदात २५ मीटर पुढे जाते. नंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. एकूण झाले ४५ मीटर. ताशी ८० ला हेच अंतर ६९ मीटरच्या आसपास जाते. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, अंतर मात्र निम्म्याने वाढले. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, त्याचा हा परिणाम.

आता समजा, ४५ मीटरवर रस्त्यात बैल आला. ताशी ६० ने येणारी गाडी त्याच्या पुढ्यात थांबेल. ताशी ८० ने येणारी गाडी त्याच जागी अजून ताशी ६५ च्या आसपास धावत असेल. ब्रेक दोघांनीही दाबला, दोघेही तितकेच सावध होते. तरी एकाच्या वाट्याला नुसती धडधड आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला धडक. ताशी ६० च्या धडकेचा जोर किती असतो? चार मजली इमारतीवरून खाली पडल्यावर बसेल, तेवढा.

यातून एकच नियम मनाशी धरायचा : जेवढा रस्ता समोर मोकळा दिसतो, तेवढ्यात थांबता आले पाहिजे. पुढचे सगळे टप्पे हा नियम वेगवेगळ्या जागी लावण्याचे आहेत.

दुसरा टप्पा : वेळेचा हिशेब निघण्याआधी

वेग बहुधा उशिरातून येतो, आणि उशीर घरातच झालेला असतो. रस्त्यावर तो भरून काढू म्हटले, तर हाती किती लागते ते पाहा. ३० किलोमीटरचा मोकळा रस्ता ताशी ६० ने अर्ध्या तासात संपतो. ताशी ८० ने साडेबावीस मिनिटे लागतात. म्हणजे सगळा रस्ता एकदाही वेग कमी न करता गेलो, तरच साडेसात मिनिटे वाचतात. मधे गाव, गतिरोधक, उसाची ट्रॉली आणि फाटा आला की त्यातली निम्मीही उरत नाहीत.

म्हणून दवाखाना, कचेरी किंवा लग्नाची वेळ ठरली की निघण्याची वेळ दहा मिनिटे अलीकडे घ्यावी. हा उपाय फुकट आहे आणि सगळ्यांत परिणामकारक आहे.

तिसरा टप्पा : गाडीभोवती एक फेरी

बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारावी. टायरमधली हवा आणि नक्षी पाहावी. नक्षी झिजलेला टायर कोरड्या रस्त्यावर चालून जातो, पाऊस आला की दगा देतो. ब्रेक दाबून पाहावा. पेडल खोल जात असेल किंवा मऊ लागत असेल तर ब्रेक ऑइल कमी झालेले असते किंवा त्यात हवा शिरलेली असते. मागचा दिवा आणि ब्रेकचा लाल दिवा लागतो का, ते दुसऱ्याला पाहायला सांगावे.

दुचाकीवर हेल्मेट आयएसआय खुणेचे हवे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. इथेच बहुतेकांचे चुकते. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी सुटून जाते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते. साडीचा पदर, ओढणी किंवा उपरणे चाकापासून दूर, आवळून घेतलेले असावे. चार वर्षांखालचे मूल दुचाकीवर असेल तर वेग ताशी ४० च्या पुढे नेऊ नये, असा केंद्राचा नियम आहे. मोटारीत सीटबेल्ट मागच्या सीटवरही लावावा.

चौथा टप्पा : गावातून आणि बाजारातून

आपल्याकडचे बहुतेक रस्ते गावाच्या मधून किंवा शाळेच्या दारावरून जातात. आठवडे बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे, शेळ्या आणि उभ्या गाड्या असतात. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा धडगाव-मोलगी भागात, आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते तेव्हा शहाद्याच्या बाजूला, नेहमीचा रस्ता नेहमीसारखा राहत नाही.

गावात वेग ३० च्या आत आणावा, आणि तो गतिरोधक दिसण्याआधीच आणावा. उभ्या बसच्या पुढून माणूस येणार, हे धरूनच चालावे. रस्ता ओलांडून चेंडू किंवा करडू गेले, की मागून मूल येतेच. ताशी ३० ला एकूण थांबण्याचे अंतर १८ मीटरच्या आसपास असते, तेवढ्यात पोर वाचते.

इथे चूक होते ती हॉर्नमुळे. हॉर्न वाजवला म्हणजे समोरचा बाजूला होईल, असे आपण गृहीत धरतो. म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नसेल, गुरे बिचकून उलट रस्त्यात येतील. हॉर्न जरूर वाजवावा, पण पाय ब्रेकवर ठेवून.

पाचवा टप्पा : सरळ रस्ता आणि मधले अंतर

सरळ रस्त्यावर वेगाची मर्यादा काय, हे अनेकांना माहीत नसते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल १००, मोठ्या प्रवासी गाडीला ९०, मालवाहू गाडीला आणि मोटारसायकलला ८० ही मर्यादा आहे. दुभाजक नसलेल्या इतर रस्त्यांवर मोटारीला ७०, तर बस, ट्रक आणि मोटारसायकलला ६०. तीनचाकीला ५०. त्या जागी याहून कमी वेगाचा फलक असेल तर फलक पाळायचा. हे आकडे वरची हद्द सांगतात. तेवढ्या वेगाने गेलेच पाहिजे, असा त्यांचा अर्थ नाही.

पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचे, हे मीटरमध्ये मोजत बसण्याची गरज नाही. पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून किंवा खांबाजवळून गेली की मनात सावकाश एक, दोन, तीन मोजावे. तीन म्हणण्याआधी आपण तिथे पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. ताशी ६० ला तीन सेकंद म्हणजे ५० मीटर. पावसात किंवा अंधारात मोजणी पाचपर्यंत न्यावी.

मधली मोकळी जागा पाहून कोणी आत घुसतो, म्हणून लोक अंतर ठेवायचे सोडून देतात. घुसू द्यावे. पुन्हा थोडे मागे यावे. त्यात अर्धा मिनिटही जात नाही.

सहावा टप्पा : ओव्हरटेक

समोरचा ट्रक ताशी ५० ने चालला आहे आणि आपण ७० ने त्याच्या पुढे निघतो आहोत, असे धरू. मागचे-पुढचे सुरक्षित अंतर धरून त्याला पार करायला साधारण १० सेकंद लागतात. त्या १० सेकंदांत आपण जवळपास २०० मीटर जातो. समोरून कोणी ७० ने येत असेल तर तोही तेवढाच जवळ येतो. म्हणजे ४०० मीटर रस्ता डोळ्यांना स्वच्छ मोकळा दिसला, तरच बाहेर निघावे.

नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू असतो. तेव्हा शहादा-तळोदा आणि नवापूर भागात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो. ट्रॉली लांब असते, रुंदीला उसाची टोके बाहेर आलेली असतात आणि पुढचे काहीच दिसत नाही. ट्रॉलीला चिकटून डोके बाहेर काढत राहण्यापेक्षा ३०-४० मीटर मागे राहावे. मागे राहिलो की पुढचा रस्ता जास्त दिसतो.

पुढच्या ट्रकवाल्याने उजवा इंडिकेटर दिला, तर तो “जा” म्हणतो आहे की स्वतः उजवीकडे वळतो आहे, हे सांगता येत नाही. दुसऱ्याच्या इशाऱ्यावर आपला निर्णय सोपवू नये. वळण, पूल, चढाचा माथा आणि फाटा या चार जागी ओव्हरटेक करायचाच नाही, असे कायमचे ठरवून टाकावे. म्हणजे त्या क्षणी विचार करत बसावे लागत नाही.

सातवा टप्पा : अंधार पडल्यावर

डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या प्रकाशात, साधारण ४० मीटरपर्यंतच नीट दिसते. ताशी ५० ला थांबण्याचे अंतर ३५ मीटर आहे आणि ६० ला ४५. म्हणजे समोरून गाडी येत असताना, डिपर दिलेला असताना, ६० ने जाणारा माणूस दिसण्याच्या हद्दीपलीकडे गाडी हाकत असतो. रात्री विनादुभाजक रस्त्यावर ५० ही आपली मर्यादा ठेवावी.

अंधारात सर्वांत मोठा धोका दिवा नसलेल्या वाहनाचा. बैलगाडी, बिघडून उभी राहिलेली ट्रॉली, काळ्या कपड्यांत पायी चाललेला मजूर. समोरच्याचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला तर त्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी आणि वेग लगेच कमी करावा. दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ आपण आंधळेच असतो. आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा बैलगाडी असेल तर मागे रेडियमची पट्टी चिकटवावी. खर्च किरकोळ आहे, पण मागून येणाऱ्याला आपण शंभर मीटरवरून दिसू लागतो.

रात्री झोपेचाही धोका असतो. पापणी जड झाली की खिडकी उघडून किंवा गाणे लावून झोप जात नाही. रात्रीचा प्रवास तसाही जोखमीचा असतो : ऑक्टोबर २०२० मध्ये कोंडाईबारी घाटात रात्रीच्या वेळी खासगी प्रवासी बस पुलावरून खाली कोसळली आणि ५ जणांचा जीव गेला. रात्रीच्या लांबच्या प्रवासात थांबून अर्धा तास झोपणे हाच झोपेवरचा उपाय आहे.

आठवा टप्पा : पाऊस

पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले ऑइल मिळून निसरडा थर होतो. पुढे शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. ओल्या रस्त्यावर ताशी ६० ला थांबण्याचे अंतर ४५ वरून ६० मीटरपर्यंत जाते. म्हणून पावसात वेग एक चतुर्थांशाने तरी कमी करावा.

दुचाकीवर दोन्ही ब्रेक एकत्र, पण हळूहळू आवळावेत. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. त्याला घाबरून फक्त मागचा ब्रेक दाबणारे लांब घसरत जातात, आणि पुढचा एकदम दाबणारे पडतात. वळणात ब्रेक लावायची वेळच येऊ नये. वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. फूटभर वाहते पाणीसुद्धा लहान मोटारीला कडेला ढकलू शकते, आणि खालची फरशी जागेवर आहे की वाहून गेली, हे वरून दिसत नाही.

नववा टप्पा : घाट चढताना आणि उतरताना

घाटात दिसण्याचे अंतर वळण ठरवते. तोरणमाळच्या वाटेवर किंवा देवगोईच्या चढावर कितीतरी वळणांना पुढचे २०-२५ मीटरच दिसतात. तेवढ्यात थांबायचे तर वेग ३० च्या खाली आलाच. वळणाआधी हॉर्न द्यावा, आपली डावी बाजू सोडू नये. अरुंद जागी समोरासमोर आल्यास चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड असते.

वळणात गाडी बाहेर फेकली जाते तो जोरही वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० ऐवजी ३० ने वळलो तर बाहेर ढकलणारा जोर सव्वादोन पट होतो. दरी त्याच बाजूला असेल, तर “थोडाच वेग वाढवला” हे म्हणणे खरे राहत नाही.

उतारावर एक जुना नियम धरावा : ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. लहान गिअरमध्ये इंजिनच चाकांना मागे ओढून धरते, ब्रेकवरचा भार कमी होतो. सतत ब्रेक दाबून उतरत राहिलो की लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ होते आणि पेडल दाबूनही काही उपयोग होत नाही. “ब्रेक फेल झाला” असे म्हणतात त्यामागे अनेकदा हीच गोष्ट असते. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले की सुरक्षित जागा पाहून थांबावे, ब्रेक आपोआप गार होऊ द्यावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे पेट्रोल-डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत काही दाबांनंतर संपते आणि पेडल दगडासारखे कडक होते. शिवाय आताच्या गाड्यांत उतारावर गिअरमध्ये असताना, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधन जवळपास बंदच होते. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत होत नाही, धोका मात्र वाढतो.

ब्रेक खरोखर गेलाच, तर पेडल भराभर पंप करावे, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत न्यावी. पत्रा गेला तरी चालेल, दरीची बाजू टाळावी.

दहावा टप्पा : गाडीत किती माणसे

सातपुड्यातल्या पाड्यांना एसटीच्या फेऱ्या थोड्याच असतात. बाजाराला, यात्रेला किंवा ऊसतोडीला जायला पिकअप मिळते आणि लोक तिच्यात उभे राहतात. ही निवड हौसेची नसते, गरजेची असते. तरी धोका समजून घ्यायला हवा. पिकअप माल वाहण्यासाठी बनलेली आहे, तिच्यातून प्रवासी नेणे कायद्याला मान्य नाही. माणसे उभी राहिली की गाडीचे वजन वर सरकते, आणि वळणात सगळे एका बाजूला कलले की गाडीही कलते. अडवायला दार नाही, धरायला पट्टा नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात कोसळली आणि अनेक जण दगावले. अशा यात्रेच्या दिवसांत गावाने आधीच एसटी आगाराकडे जादा गाड्यांची मागणी नोंदवावी. पिकअपशिवाय पर्यायच नसेल, तर माणसे कमी घ्यावीत, सगळ्यांना खाली बसवावे, टपावर आणि मागे लोंबकळत कोणालाही घेऊ नये, आणि अंधार पडण्याआधी घाट उतरावा.

प्रवाशालाही बोलण्याचा हक्क आहे. “दादा, सावकाश चला, घाई नाही” एवढे पाच शब्द पुरतात. एकट्याने म्हटले तर चालक दुर्लक्ष करील, दोघा-तिघांनी म्हटले की तो वेग कमी करतो.

अकरावा टप्पा : अपघात दिसला तर

आधी आपली गाडी लांब, कडेला लावावी, इंडिकेटर चालू ठेवावेत. मग १०८ ला रुग्णवाहिकेसाठी आणि ११२ ला पोलिसांसाठी फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. डोंगरात नेटवर्क नसेल तर एकाला दुचाकीवर पुढच्या उंचवट्यावर पाठवावे. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल तर आग किंवा दुसरा धोका नसताना जखमीला ओढून काढू नये. हेल्मेट खेचू नये. तोंडात पाणी घालू नये.

पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीने लोक पुढे येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीसाठी कारवाई होत नाही, आणि त्याला नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राची २५,००० रुपयांची “राहवीर” योजना आहे. मे २०२५ पासून जखमीला पहिल्या सात दिवसांत ठरलेल्या रुग्णालयांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार मिळण्याची तरतूदही झाली आहे. दवाखान्यात हे स्पष्ट विचारावे.

शेवटचा टप्पा : स्वतःची सवय

“मी वीस वर्षे असाच चालवतो, मला काही झाले नाही” हे वाक्य आपण सगळे ऐकतो. ते खरे असते, आणि म्हणूनच घातक असते. वेगाने गेलो आणि सुखरूप पोहोचलो, की मन त्यातून “हा वेग ठीक आहे” असा धडा घेते. प्रत्यक्षात त्या दिवशी ४५ मीटरवर बैल आला नव्हता, एवढेच. “रस्ता पाठ आहे” हेही तसेच. रस्ता पाठ असतो, पण आज रस्त्यावर काय उभे आहे, ते पाठ नसते.

सवय एकदम बदलत नाही, एकेक करून बदलते. आधी आठवडाभर फक्त तीन सेकंदांची मोजणी करावी. ती अंगवळणी पडली की रात्रीचा ५० चा नियम धरावा. मग चार जागी ओव्हरटेक बंद करावा.

घरच्यांनाही यात काम आहे. गाडी चालवणाऱ्याला “कुठपर्यंत आलास, किती वेळ?” असा फोन करू नये. त्या फोनने एक हात स्टेअरिंगवरून निघतो आणि पाय ॲक्सिलरेटरवर जोरात पडतो. निघताना “उशीर झाला तरी चालेल” असे सांगावे, आणि उशीर झाल्यावर त्याबद्दल रागवू नये. घरून घाई लागली नाही, तर रस्त्यावर वेग आवरणे पुष्कळ सोपे जाते.